भिंतीवरच्या गोधड्या

"मी शिवलेल्या गोधड्या लाव तुझ्या खोलीच्या भिंतींना, आवाज अडेल. ट्रंकेत पडून काय करायच्यात?" आईनंच सुचवलं होतं. अंथरुणाला खिळलेली ती हाक मारायला चमच्याने वाटी वाजवायची आणि ती टणटण उदयच्या ऑडिओबुकच्या रेकॉर्डिंगमध्ये उतरायची.

आज त्याने ट्रंकेतल्या सगळ्या गोधड्या टांगल्या, खोलीचं दार लावलं आणि अख्खं प्रकरण एका बैठकीत वाचून काढलं. हेडफोन लावून ऐकलं. एकही टण नाही. आवाज अगदी स्टुडिओतल्यासारखा!

खुशीत बाहेर आला तर बेल वाजत होती. दारात खालच्या मजल्यावरच्या पेडणेकरवहिनी. "काकू केव्हाच्या वाटी वाजवतायत. बऱ्या आहेत ना?"

तो आईकडे धावला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंथरूण ओलं होतं.

"वाटी वाजवलीस का गं?"

"छे! तुझं वाचन चाललेलं, मी कशाला वाजवू?" चमचा अजून तिच्या मुठीत होता. "चांगलं झालं ना रे?"

त्याला मान वर करवेना. त्याने तिचा गाऊन बदलला, ओली गोधडी काढली आणि कोरडी घ्यायला ट्रंक उघडली.

ट्रंक रिकामी होती.