दोन नंबरचा दरवाजा

पुण्यातल्या ऑफिसात बसून शर्वाणीने ‘दरवाजा उघड’ असा हुकूम धाडला आणि पडद्यावर उत्तर उमटलं, ‘उघडला’. ती हरखली. निंबोळ्याच्या बंधाऱ्याचे दरवाजे इथूनच हलवता यावेत म्हणून तिने पायथन या संगणकभाषेत लिहिलेल्या वेबसाइटला गेटवे, म्हणजे हुकूम दरवाजाच्या मोटारीपर्यंत पोचवणारा दुवा, जोडला होता. आज नुसती चाचणी होती, संगणकातल्या खोट्या दरवाजावर.

तेवढ्यात बंधाऱ्यावरच्या खरातकाकांचा फोन आला. “मॅडम, दोन नंबरचा दरवाजा आपोआप वर चाललाय. खाली बायका धुणं धुतायत.”

तिने सेटिंग उघडून पाहिलं. हुकूम जायचा तो पत्ता खऱ्या बंधाऱ्याचा होता, चाचणीसाठी बदलायचा राहूनच गेला होता. घाईघाईने तिने ‘दरवाजा बंद कर’ लिहिलं. उत्तर आलं, ‘हे काम माहीत नाही.’ चाचणीपुरतं तिने गेटवेला उघडण्याचंच काम शिकवलं होतं.

“काका, आधी भोंगा वाजवा. मग हाताने बंद करा.”

काकांनी फोन तसाच खाली ठेवला. भोंगा ऐकू आला, मग चाकाची करकर, मग कितीतरी वेळ नुसता पाण्याचा आवाज.

“झाला बंद,” काका धापा टाकत म्हणाले. “बायका वर आल्या. धुणं गेलं वाहून. मशीन बिघडलं का हो, मॅडम?”

हो म्हटलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं.

“मशीन नाही, काका. मी उघडला.”



“माझी सून होती त्यात,” काका म्हणाले. “पोटुशी आहे.”