दोन आखूड, एक लांब

गुन्हा कबूल केला की ऑर्विन क्वामेच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. तुरुंग टळणार होता. वर्षभर पुन्हा तक्रार आली नाही, तर खटलाच पुसला जाणार होता. आणि आर्डिस घरात राहणार होती. पहिल्या दोन गोष्टी त्याने हसत सोडून दिल्या असत्या. तिसरीसाठी तो जजबाईंसमोर उजवा हात वर करून उभा होता.

एकाहत्तर वर्षांत त्याने खोटं बोलायचा सराव केला नव्हता. आता ते अंगाशी येत होतं.

झालं होतं ते एवढंच. रोज पहाटे साडेपाचला त्याच्या अंगणातल्या पिकअपचा हॉर्न वाजायचा. शेजारची शॅनन रुड टर्की पक्ष्यांचं मांस भरणाऱ्या कारखान्यातून रात्री एकला परतायची. नऊ दिवस तिने उशीखाली डोकं खुपसून काढले, दहाव्या दिवशी शेरीफला फोन केला. शेरीफचा माणूस दारात आला तेव्हा ऑर्विन म्हणाला, "मीच वाजवतो." शांतताभंगाचा कागद त्याच्या नावावर फाटला.

वाजवायची आर्डिस, त्याची बायको. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. आता तिला जेवलेलं आठवत नसे, पण पहाट आठवे. गेल्या हिवाळ्यात ती सपाता घालून हमरस्त्यावर बर्फात सापडली, तेव्हा काउंटीच्या कल्याण खात्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "पुन्हा असं काही कानावर आलं, तर तिला कुठे ठेवायचं ते आम्ही ठरवू."

आजही तिला घरी एकटं सोडणं शक्य नव्हतं. ती खाली, कोर्टाच्या खिडकीखालीच, पिकअपमध्ये बसली होती. किल्ली त्याने आठवणीने खिशात घातली. दोन जिने चढून आल्यावर त्याला दुसरी गोष्ट आठवली. त्या जुन्या गाडीचा हॉर्न किल्लीशिवायही वाजतो. तेवढ्यात त्याच्या नावाचा पुकारा झाला.

सकाळपासून अकरा निकाल लागले होते. बारमधली मारामारी, जत्रेत पाळण्यावर चढून गाणारा दारुडा, वाटणीवरून भांडणारे दोन भाऊ. प्रत्येकाला चार मिनिटं. पण नुसतं 'कबूल' म्हणून इथे कोणी सुटत नाही. काय केलं आणि का केलं, ते आपल्या तोंडाने सांगावं लागतं.

"सांगा," जजबाई म्हणाल्या.

"हॉर्न वाजवला."

"का?"

याचा त्याने विचारच केला नव्हता. त्याचे कान खिडकीकडे लागले होते. "रागानं," तो म्हणाला. "शॅननचा कुत्रा फार भुंकतो."

मागच्या बाकावरून शॅनन म्हणाली, "बाई, माझा कुत्रा ईस्टरलाच मेला."

कोणीतरी फिसकन हसलं. दाराशी उभ्या बेलिफने खोकल्याचं सोंग केलं. ऑर्विनचा सदरा पाठीला चिकटला.

जजबाईंनी चष्मा काढला. "ऑर्विन, तुम्ही शपथेवर आहात. मेलेल्या कुत्र्यावर राग?"

"जुना राग होता, बाई."

आणि खाली हॉर्न वाजला. दोन आखूड, एक लांब.

ऑर्विनने डोळे मिटले. संपलं, असं त्याच्या मनात आलं. आता कोणीतरी खाली बघेल, मग कल्याण खात्यातल्या बाईंना फोन जाईल, मग आर्डिसची बॅग भरावी लागेल. हॉर्न पुन्हा वाजला. दोन आखूड, एक लांब.

"जजबाई, खाली कुणाला तरी पाठवू का?" सरकारी वकील म्हणाला. तरुण होता, शहरातून नुकताच आला होता. "हा तर तसलाच प्रकार दिसतोय."

ऑर्विनने डोळे उघडले. पंचेचाळिशीच्या बेलिफचा हात खांद्याशी गेला होता, तिथे नसलेल्या दप्तराचा पट्टा सावरायला. कारकून बाईंनी फाइल मिटून काखेत मारली होती. शॅनन पर्स छातीशी धरून उभी होती, एक पाय बाकाबाहेर. आर्डिसच्या बसच्या या हॉर्नवर या काउंटीतली पोरं तोंडात अर्धा घास ठेवून धावत सुटायची. शॅननने स्वतःच्या पायाकडे पाहिलं, मग ऑर्विनकडे.

"कसला हॉर्न?" जजबाईंनी वकिलाला विचारलं. त्या स्वतः खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. हळूच पुन्हा बसल्या. "शॅनन, तुला काही ऐकू आलं?"

"नाही, बाई."

"आणि पहाटे घरी?"

"मी झोपेत असते. खरं सांगू? मला वाटायचं, शाळेला उशीर झालाय."

"मेलेल्या कुत्र्यावर उभा असलेला कबुलीजबाब मला घेता येत नाही," जजबाई म्हणाल्या. "वकीलसाहेब, दुसरा साक्षीदार आहे?"

नव्हता.

"खटला रद्द. पुढचा."

दुसऱ्या दिवशी पहाटे हॉर्न वाजला तेव्हा ऑर्विन अनवाणीच अंगणात धावला. शेजारचं दार उघडलेलं पाहून तो जागीच थांबला. कोर्टातली दया कोर्टातच राहते, हे त्याला कळत होतं. फोन करायला किती वेळ लागतो?

शॅनन बाहेर आली. झोपायच्या कपड्यांवर कोट, हातात डबा, डोळे अर्धे मिटलेले. ती त्याच्या समोरून गेली, पिकअपचं दार उघडून आर्डिसशेजारी बसली.

"उशीर केलास," आर्डिस म्हणाली.

"चुकलं, मिसेस क्वामे."

मग हॉर्न वाजला नाही. दंड शून्य, कोर्टाचा खर्च शून्य. पहाटेची झोप तेवढी गेली. ती किंमत त्या दिवसापासून रोज भरली फिर्यादीनेच.