ग्वेरिनोची तक्रार

सिलिंडरचे चारही नट सुटले तेव्हा गो-कार्ट शर्यतीच्या फायनलला अडतीस मिनिटं उरली होती. इंजिन अजून तापलेलं होतं. ओरेस्तेने चिंधी गुंडाळून सिलिंडर वर ओढला आणि तपासनिसाच्या टेबलावर ठेवला.

"घ्या, फाकिनी साहेब, मोजा. आतून उंदीर निघाला तर त्याचंही माप लिहा."

फाकिनी हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्या एका गाडीचा मेकॅनिक ग्वेरिनो, त्याने लेखी तक्रार दिली होती: सतरा नंबरच्या गाडीचं इंजिन नियमबाह्य आहे, उघडून तपासावं. तक्रार आली की मेकॅनिकने स्वतः, तपासनिसासमोर इंजिन उघडायचं. सगळं नियमात निघालं तर तक्रारदाराची अनामत जप्त. पण उघडलेलं इंजिन वेळेत जोडून होईल की नाही, याची जबाबदारी कुणाचीच नाही.

सतरा नंबर मिरेल्लाचा होता. ओरेस्तेची मुलगी, एकोणीस वर्षांची. सकाळच्या दोन्ही फेऱ्या जिंकून ती फायनलला सर्वांत पुढे उभी राहणार होती. तिच्या मागे दुसऱ्या जागेवर ग्वेरिनोने तयार केलेली गाडी.

"त्याला जिंकायचं नाहीये. त्याला आपल्याला उशीर करायचाय," ओरेस्ते म्हणाला. "सकाळी बघितलंस ना? स्वतःची गाडी सोडून ट्रॅकच्या सरळ रस्त्याच्या टोकाला कुंपणाशी उभा होता. डोळे मिटून! नाटकी कुठला."

"पपा, हळू बोल. तो तिथेच आहे."

"ऐकू दे की."

दोघांनी ब्रेशियातल्या एकाच गॅरेजमध्ये नऊ वर्षं काम केलं होतं. मग भांडण झालं. कशावरून, ते दोघं वेगवेगळं सांगत. त्याला आता सात वर्षं झाली. टायरमध्ये हवा कमी आहे असं ग्वेरिनोने सांगितलं, तर ओरेस्ते असलेलीही काढून टाकेल, असं ट्रॅकवर सगळे म्हणत.

"सगळं नियमात आहे," फाकिनींनी पेन्सिल खाली ठेवली. "तक्रार फेटाळली. जोडून घे."

एकतीस मिनिटं.

ओरेस्तेने पिस्टन पुसायला चिंधी फिरवली. चिंधीचा धागा अडकला. तो वाकला. पिस्टनभोवतीच्या खाचेत बसलेली रिंग, बांगडीसारखी, एका जागी तुटक असते. त्या तुटक जागेच्या एका टोकाचा टवका उडाला होता आणि तिथून आत केसासारखी चीर गेली होती.

मिरेल्लाने त्याच्या खांद्यावरून पाहिलं.

"म्हणून आवाज पातळ येत होता. मी सांगितलं होतं तुला, सरळ रस्त्याच्या टोकाला जाताना यायचा."

"मला वाटलं, पेट्रोल कमी पडतंय."

त्याने सकाळी कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला होता, एवढंच. आवाज त्याने ऐकलाच नव्हता. वीस वर्षं इंजिनाशेजारी उभं राहून त्याचा उजवा कान गेला होता. ही गोष्ट घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, असं तो समजत होता.

या इंजिनाला गिअर नसतो, क्लच नसतो. साखळी थेट मागच्या चाकांच्या दांड्यावर. रिंगचा तुकडा सुटून पिस्टन अडकला, की त्याच क्षणी मागची चाकं अडकतात. सरळ रस्त्याच्या टोकाला मिरेल्लाचा वेग ताशी एकशे तीस असायचा. मागे पंधरा गाड्या.

ओरेस्तेने जुनी रिंग काढली आणि बोटांत मोडली, कुणी चुकून पुन्हा वापरू नये म्हणून. नवी रिंग त्याने आधी नुसतीच सिलिंडरमध्ये सरकवली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत पोलादी पट्टी घालून पाहिली. पट्टी जाईना. फट कमी असली की तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात. त्याने बारीक कानशीने एक टोक घासलं. चार वेळा. पुन्हा पट्टी. या वेळी ती गेली. मग त्याने अंगठ्यांनी रिंग अलगद फाकवून पिस्टनवर उतरवली, खाचेतल्या इवल्या खिळीच्या दोन्ही बाजूंना दोन टोकं बसवली, तेल लावलं आणि रिंग बोटांनी दाबून धरली. मिरेल्लाने सिलिंडर वर धरला होता.

"सिलिंडर खाली सोड. सरळ सोड. थांब. हं, आता."

सिलिंडर आवाज न करता खाली बसला.

नट आवळून, साखळी चढवून गाडी ढकलत रांगेकडे नेली, तेव्हा सात मिनिटं उरली होती.

"नवी रिंग आहे," ओरेस्ते म्हणाला. "सुरुवातीच्या दोन चकरा ताण देऊ नकोस."

"हो." मिरेल्लाने हेल्मेट हातात घेतलं. "पपा, एका अर्थी ग्वेरिनोचे आभारच मानायला हवेत."

"चोराने दार फोडलं म्हणून आतला धूर दिसला, तर काय चोराला जेवायला बोलवायचं?"

फाकिनी कागद घेऊन आले. इंजिन परत मिळाल्याची सही हवी होती. ओरेस्तेने कागद गुडघ्यावर ठेवला. तक्रारीचा भाग कोणता, या रकान्यात ग्वेरिनोच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: पिस्टनची रिंग.

ओरेस्ते मोठ्याने हसला. "रिंग? रिंगला कुठलाय नियम? कसलीही घाला. एवढी वर्षं या धंद्यात काढली, आणि गाढवाला एवढंही माहीत नाही?"

"मीही तेच म्हटलं त्याला," फाकिनी म्हणाले. "म्हटलं, रिंगला नियमच नाही, तुझे पैसे बुडतील. तर म्हणाला, 'बुडू देत. पोरगी पुन्हा गाडीत बसायच्या आत तेवढं उघडायला लावा त्याला.'"