फांदीचं टोक

लेकीच्या काखेतला थर्मामीटर चिवचिवला आणि बेळ्ळंदूरमधल्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटची शांतता मोडली. ताप उतरला, पण एक दिवस उशिरा. आगुंब्याच्या वर्षावनात सिंहपुच्छ माकडं बघायची सहल मृण्मयीनेच वर्षभर जुळवली होती. काल “बुकिंग फुकट जाईल, तू तरी जा,” असं ती नवऱ्याला म्हणाली, तो ‘नको’ म्हणेल या भरवशावर. तो कानडीत “सरी, सरी”, म्हणजे ‘बरं, बरं’, म्हणत तिचीच दुर्बीण गळ्यात अडकवून निघालाही. आता त्याचा व्हिडिओ आला. लेक कुशीत सरकली, दोघी बघू लागल्या. काळीभोर, राखाडी आयाळीची माकडं एकेक करून रस्त्यापलीकडच्या झाडावर उड्या मारत होती. पोटाशी पिल्लू बिलगलेली माकडीण फांदीच्या टोकापर्यंत आली, थबकली, पिल्लाला आवळून मागे फिरली. “घाबरली बघ, फट्टू!” व्हिडिओत नवरा हसला. लेकीने विचारलं, “आई, पिल्लू नसतं तर तिने उडी मारली असती?”