चौथ्या ओळीच्या पुढे

“झोप आली दाराशी, तिला आत...” इथवर ती गायली आणि थांबली. चौथी ओळ, शेवटचा शब्द. रोज इथेच.

पलंगाच्या कडेला गिटार घेऊन बसलेला तिचा नवराही थांबला. त्या शेवटच्या शब्दावरच ती अवघड कॉर्ड होती. पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं टाकायचं आणि उरलेली त्याच्यापुढे रोवायची. बोटं कशीबशी पोचली, तारा नुसत्या खरखरल्या, आणि त्याने पंजा ठेवून आवाज बंद केला.

“ती गिटारीची मान आहे, पाइप नव्हे,” भिंतीजवळच्या स्टुलावरून त्याचे गिटारीचे मास्तर म्हणाले. “किती आवळाल, नळवाले?”

एरवी तो हसला असता. तीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेली. त्याच्या हाताला पाना आणि तार यांतला फरक अजून कळत नाही, हा मास्तरांचा नेहमीचा टोमणा. पण आज त्याने मास्तरांना भर दुपारी, जवळजवळ हाताला धरून घरी आणलं होतं, ते हसायला नव्हे.

पाच महिन्यांपूर्वी बायकोला झटका आला. उजवी बाजू गेली, आणि वाचाही. दवाखान्यातल्या, रोग्यांना पुन्हा बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची उघडी असते कधीकधी. वाद्याच्या साथीने गाऊन घ्या, शब्द गाण्याच्या पाठीवर बसून बाहेर येतात. लेकीला निजवताना ती म्हणायची ते गाणं तिला आठवत होतं. मग लेकीने कधीकाळी हौसेने घेतलेली गिटार माळ्यावरून खाली आली, आणि चोपन्नाव्या वर्षी हा गृहस्थ शिकवणीला बसला. पहिल्या दिवशी ती तीन ओळी गायली तेव्हा तो मोरीत जाऊन रडून आला होता. देव पावला म्हणाला.

त्याला पाच आठवडे झाले. येत्या शुक्रवारी बाई तिला तपासणार होत्या. पुढे काही हलत नसेल तर तिचे तास बंद करून ती वेळ दुसऱ्या रोग्याला देणार होत्या. आणि काल तर तिने गिटार पाहताच भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. आज गायली ती पाहुणे आले म्हणून, आपली रीत म्हणून.

“परत,” मास्तर म्हणाले.

परत तेच. तिने डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली. एकदा, दोनदा. डोळ्यांत पाणी आलं ते पुसायला हात मात्र उचलला नाही.

त्याने गिटार मास्तरांपुढे धरली. “तुम्ही वाजवा. माझ्या हातून नाही व्हायचं.”

मास्तरांनी गिटार घेतली. त्यांच्या हाताखाली ती वेगळीच वाटायला लागली. तिने गाणं धरलं, चौथी ओळ आली, ती कॉर्ड घंटेसारखी स्वच्छ वाजली आणि मास्तर पुढे निघूनही गेले.

ती “आत”पाशी थांबली होती.

मास्तरांनी तारांवर हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, “हिला पुढचं येत नाही असं नाही. कॉर्ड चुकली की तुम्ही थांबता. पाच आठवडे तुम्ही हिला इथे थांबायला शिकवलंत.”

त्याच्या तोंडातून आलं ते भलतंच. “गळायला लागलं की आधी कॉक बंद करायचा, मास्तर. मला तेवढंच येतं.”

“हे पाणी नाही.” मास्तरांनी गिटार त्याच्या मांडीवर ठेवली. “गळू द्या. डाव्या हाताने काय वाटेल ते होवो. उजवा थांबवायचा नाही.”

त्याने सुरुवात केली. मनात एकच, देवा, मला कला नको, एवढ्या एका शब्दापुरता धावून ये. चौथी ओळ आली. बोटं चुकली, तारा खरखरल्या. ती थांबली. त्याचा उजवा हात अडून बसायला निघाला होता. त्याने तो ओढत नेला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून धरली. ती बिचकून त्याच्याकडे बघू लागली. पुन्हा चौथी ओळ, पुन्हा खरखर. घामाने अंगठा मानेवरून घसरत होता. मास्तरांची टाच फरशीवर ठोका देत होती. तिसऱ्यांदाही ती थांबली. चौथ्यांदा थांबण्याआधी तिने श्वास घेतला, तो त्याला ऐकू आला.

“...तिला आत घे.”

कॉर्ड तेव्हाही चुकलेलीच होती.

आणि ती थांबेना. पाचवी ओळ आली, सहावी आली, मग दुसरं कडवं, लेकीच्या वेळचे शब्द, जे तो स्वतः केव्हाच विसरला होता. तो गोंधळून मास्तरांकडे बघू लागला. चौथ्या ओळीच्या पुढचं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तिथवर कधी जायची वेळच आली नव्हती. मास्तरांनी डोळे मिटले होते. त्यांची टाच तेवढी चालू होती.

डावा हात तारांवर नुसता पालथा पडला. उजवा त्याने थांबवला नाही.