फक्त राउटरचा प्लग

स्क्रीनवर मॅनेजरचा चेहरा थिजला. सुमना मागे वळली नाही. राउटरचा प्लग कुणी उपटला ते तिला ठाऊक होतं.

बाहेर ढग गुरगुरत होते. शिरसीकडे चैत्र-वैशाखात दुपार कलली की ते रोजच गुरगुरतात. पहिल्या गडगडाटाला सासूबाई, म्हणजे अत्ते, येत आणि राउटरचा प्लग काढून हातात धरून उभ्या राहत. फ्रिजचा काढत नसत. टीव्हीचाही नाही, त्यावर त्यांची मालिका चालूच असे. म्हणजे वीज पडणार ती फक्त सुनेच्या नोकरीवर. आता आणखी एक मीटिंग तुटली तर बंगळुरूला येऊन ऑफिसात बसा, असं कंपनीने कळवलं होतं. नवरा इथे सुपारी सोसायटीत कामाला, आणि हिने तिकडे एकटीने खोली घेऊन राहायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आभाळ स्वच्छ असताना, तिने केबलवाल्या तिम्मण्णाला बोलावलं. राउटर पार छताजवळ बसव, म्हणाली, आणि वर कुलपाची पेटी लाव. अत्ते तिथेच सुपारी कातरत बसल्या होत्या.

"तिम्मण्णा, घरात चोर कोण आहे तेही विचारून घे," त्या म्हणाल्या. "किल्ली कुणाला द्यायची नाही ते कळेल."

तिम्मण्णाने दोघींकडेही पाहायचं टाळलं. शिडी लावण्याआधी त्याने मेन स्विच बंद केला आणि बोर्ड उघडला. भोकं तीन होती, पण अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती. मग तो खिडकीशी गेला आणि तिथून आत येणारी केबल चाचपत राहिला.

केबल बागेतून पोफळीमागून पोफळीला बांधत आणलेली होती. तिच्यात काचेचा धागा असतो, त्यातून वीज येत नाही. पण ताण सोसायला सोबत एक लोखंडी तार असते. ती घराबाहेर शेवटच्या झाडावरच तोडायची, नाहीतर झाडावर पडलेली वीज तिच्यावाटे घरात येते. पावसाळ्यात केबल घसरू नये म्हणून इकडे सगळेच ती आत ओढतात आणि राउटरच्या खिळ्याला गुंडाळतात. इथेही तसंच केलेलं होतं.

म्हातारी वेळीच प्लग काढत होती, पण अर्धंच काम होत होतं, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. त्याने तार बाहेरच तोडली. राउटर स्वयंपाकघराकडच्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटला नेला आणि मध्ये एक छोटी बॅटरी बसवली. गडगडलं की राउटरचा आणि लॅपटॉपचा, दोन्ही प्लग काढा. मीटिंग बॅटरीवर चालेल, एवढं सांगून त्याने कुलपाची पेटी परत गाडीवर बांधली.

सुमनाचा जीव भांड्यात पडला, पण राग उतरला नव्हता.

"अत्ते, तो डबा कंपनीचा आहे," ती म्हणाली. "जळला तर दुसरा देतील. एवढा जीव कशाला टाकता त्याच्यावर?"

अत्तेंनी अडकित्ता खाली ठेवला.

"जळो मेला तो डबा," त्या म्हणाल्या. "त्याची वायर तुझ्या लॅपटॉपात जाते, आणि लॅपटॉपची तुझ्या कानात."