वेंडेल सारीचं लॉगिन

एआय एजंटने सर्व्हरवर जपून ठेवलेली चौदा लॉगिन तपासली. तेरा ठीक निघाली. चौदावं वेंडेल सारीचं होतं, आणि तेही चालू होतं.

लीआ रुओनाने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. वेंडेलला कामावरून कमी करून सात महिने झाले होते. गावाच्या पाणीपुरवठ्याच्या सर्व्हरवर शिरायची त्याची वाट त्याच दिवशी बंद व्हायला हवी होती. ते काम लीआचं, कारण ऑफिसात कॉम्प्युटर बघणारी ती एकटीच. बंद केलं म्हणून एप्रिलात तिने कागदावर सही ठोकली होती आणि गडबडीत करायचं राहूनच गेलं होतं. आधी सही, मग काम. करतात सगळेच, पण अंगाशी एखाद्याच्याच येतं.

आणि वेंडेल काही गोडीने गेला नव्हता. एकतीस वर्षं राबलेल्या माणसाला केक भरवून घरी धाडलं, तर तो काय आशीर्वाद देणार? दारात थांबून सगळ्यांदेखत म्हणाला होता, "चालवून बघा माझ्याशिवाय. कळेल." तेव्हा सगळे हसले होते. लीआही हसली होती. आता तिला ते शब्द आठवले.

"हे लॉगिन कधी कधी वापरलं गेलं?" तिने एजंटला विचारलं.

यादी आली. १९ एप्रिल, सकाळी पाच. २० एप्रिल, सकाळी पाच. २१ एप्रिल, सकाळी पाच. मे महिन्यापर्यंत पोचून तिने हात काढून घेतला. पुढचं बघायची छातीच होईना. म्हातारा रोज आत येत होता. याच सर्व्हरवरून विहिरींचे पंप चालतात, पाण्यात क्लोरीन किती सोडायचं तेही इथूनच ठरतं. सहा हजार माणसं ते पाणी पितात. तिची दोन्ही पोरं शाळेच्या नळाला तोंड लावून पितात.

"हे लॉगिन काढून टाकू का?" एजंटने विचारलं.

तेवढ्यात तिचा साहेब, गिल बोड्री, दारातून डोकावला. "अकराला राज्याचे तपासनीस येतायत. आपलं घर झाडून-पुसून स्वच्छ आहे ना?"

"स्वच्छ आहे."

"तोंडावरून तर वाटत नाही."

"धाकट्याने रात्रभर झोपू दिलं नाही हो."

गिल हसत गेला. लीआने ‘हो’ टाइप केलं. आता नुसतं एक बटण दाबायचं होतं. लॉगिन गेलं असतं, मागोमाग ती यादीही पुसता आली असती आणि सही खरी ठरली असती. पण त्याने पाण्यात काही करून ठेवलं असेल तर? तेही आपल्याच हाताने झाकायचं? तिला स्वतःचीच शिसारी आली. तिने ‘हो’ खोडलं आणि लिहिलं, "आत येऊन त्याने काय केलं ते दाखव."

मिनिटभराने उत्तर आलं. "प्रत्येक वेळी एकच काम. दोन नंबरच्या विहिरीत क्लोरीन कमी पडलं की घंटा वाजवणारा प्रोग्राम दर रात्री अडकून बंद पडतो. या लॉगिनवरून तो रोज सकाळी पुन्हा सुरू केला गेला. बाकी कशालाही हात लावलेला नाही."

लीआने ते तीनदा वाचलं. तिला हसूही येईना आणि रडूही. ज्याला ती चोर समजत होती, तो बिनपगारी राखण करत होता. तिने लगेच त्याच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, आर्लीनने उचलला.

"वेंडेल आहेत का?"

"काय विचारतेस पोरी? हरणांची शिकार सुरू झाल्यावर तो कधी घरी सापडलाय? चौदाला दुपारीच कॅम्पवर गेला. जंगलात फोनबिन काही लागत नाही. तेवढेच मला सुखाचे दिवस."

लीआने यादी शेवटपर्यंत सरकवली. शेवटची ओळ होती १४ नोव्हेंबर, सकाळी पाच. आज एकोणीस तारीख होती.

"आर्लीन," तिने विचारलं, "जाताना ते त्या घंटेबद्दल काही बोलले?"

"बोलला ना. मीच विचारलं, आता तुझ्या त्या लाडक्या घंटेकडे कोण बघणार? तर म्हणाला, लीआ आहे की. तिने माझं लॉगिन मुद्दाम ठेवलंय, म्हणजे तिला सगळं ठाऊक आहे. बोलून दाखवत नाही, एवढंच. पाच-सात दिवस ती सांभाळेल."

लीआने फोन तसाच टेबलावर टाकला आणि गिलला हाक मारली. तो दारात आला.

"दोन नंबरची विहीर बंद करा, आत्ताच्या आत्ता. माझी एप्रिलातली सही खोटी होती. ते मी नंतर सांगते, आधी विहीर बंद करा."

"कसली सही?"

ती थांबली नाही. तिने एजंटला तो प्रोग्राम सुरू करायला सांगितलं. तो सुरू झाला, आणि त्याच क्षणी घंटा वाजू लागली.